नाक झोपतं, फेस झोपत नाही

माझे बेंगळूरचे घरमालक बँकेत निघाले की खिशात तीन वस्तू असायच्या. पासबुक, चष्म्याची डबी आणि गॅसचा रेग्युलेटर. हो, रेग्युलेटरच, सिलिंडरच्या डोक्यावर बसतो तो. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. घराबाहेर पडताना अण्णा आधी रेग्युलेटर काढणार, सिलिंडरला टोपी घालणार, आणि मग चपला. पुढे ही सवय सुटली. ती कशी सुटली तेच सांगायचंय, पण मला सरळ सांगता येत नाही. मी निपाणीची. आमच्यात गोष्ट सांगायची म्हणजे आधी चार घरं फिरून यायचं.

एकदा चिकपेटला जाताना मेट्रोच्या तपासणीत खिशातून पिशवीत टाकलेला तो रेग्युलेटर त्या यंत्राच्या पडद्यावर दिसला. शिपायाने पिशवी बाजूला घेतली. "इदेनु सार?" हे काय आहे, एवढंच बिचाऱ्याने विचारलं होतं. अण्णांनी त्याला रेग्युलेटर उलटा करून आतलं काळं रबर दाखवलं, ते कधी कडक होतं ते सांगितलं, आणि मग त्याच्या घरच्या शेगडीची चौकशी सुरू केली. मागे रांग जिन्यापर्यंत गेली. मी त्यांच्याबरोबर होते आणि नसल्यासारखं दाखवत होते. शेवटी त्या शिपायाने हात जोडले आणि म्हणाला, "सरी सार, आज संध्याकाळी बघतो." अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ मा, एक घर वाचलं."

हे गृहस्थ मल्लेश्वरमच्या जुन्या मराठी कुटुंबातले. कुठल्याशा कारखान्यात सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, उंच, वाळके, कायम इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. "आम्ही इथं घोड्यावरून आलो, साडेतीनशे वर्षांमागं. तुम्ही कालच्या बसनं," हे मला महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळायचं. मी म्हणायचे, "अण्णा, घोड्याला नळी नव्हती, नाहीतर तुम्ही पोचला नसता." त्यावर ते मनापासून हसायचे. त्यांच्यावर केलेला विनोद त्यांना चालायचा, गॅसवर केलेला नाही.

वरच्या मजल्यावरची खोली बघायला गेले तेव्हा मी उत्तरं पाठ करून गेले होते. एकटी का राहता, मटण-मासे करता का, घरी कोण कोण येणार. अण्णांनी यातलं काही विचारलं नाही. म्हणाले, "तुमच्या शेगडीची नळी कुठल्या सालची?"

"नळीला साल असतं?" मी म्हटलं.

अण्णांनी डोळे मिटले. मला वाटलं, गेली खोली. तर डोळे उघडून म्हणाले, "असतं मा. नळीवर छापलेलं असतं. पाच वर्षं झाली की बदलायची. खरं बोललीस, म्हणून खोली तुझी. 'सगळं माहीत आहे' म्हणणाऱ्यांना मी देत नाही."

खोली मिळाली आणि दर रविवारची झोप गेली. सकाळी बरोबर नऊला दारावर थाप पडायची आणि एकच शब्द, "फेस!" दारात अण्णा, हातात स्टीलची वाटी, वाटीत साबणाचा दाट फेस आणि दाढीचा ब्रश. ते आत येणार, रेग्युलेटरपासून शेगडीच्या नळीच्या टोकापर्यंत प्रत्येक जोडावर फेस लावणार आणि वाकून बघत बसणार. बुडबुडा फुगला तर गॅस गळतोय. माझ्याकडे कधी फुगला नाही. आठवडाभर ऑफिसात पगारपत्रकांशी डोकेफोड करून रविवारी जरा लोळावं म्हटलं तर हा फेस! एकदा मी भडकलेच. म्हटलं, "अण्णा, वास येत नाही म्हणजे गळत नाही. देवानं नाक कशाला दिलंय?"

"नाक झोपतं मा," अण्णा ब्रश न थांबवता म्हणाले. "सर्दी झाली, झोपलं. उदबत्ती लावली, झोपलं. स्वल्प स्वल्प गळत असेल तर सवय होऊन झोपलं. फेस झोपत नाही. डोळ्यानं बघायचं. नाकाचा भरवसा नको."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं. दुसरं त्यांचं वाक्य म्हणजे, "गॅस मांजरासारखा जमिनीला धरून चालतो." म्हणून ओट्याखाली सिलिंडरच्या शेजारी भिंतीला खालच्या अंगाला त्यांनी भोक पाडून जाळी बसवली होती. वरची खिडकी कितीही उघडा, खाली साचलेला गॅस खालूनच जायला हवा. माझ्या खोलीतही तसंच भोक. थंडीत त्यातून असा वारा यायचा की पायात मोजे घालून भाजी परतावी लागे.

आयुधपूजेला इथे घरातल्या प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लागतं. स्कूटर, मिक्सर, शिवणयंत्र, काही सुटत नाही. शेजारच्या घरी सिलिंडरला झेंडूची माळ घालून त्याच्या डोक्यावर कापूर पेटवायची तयारी चालली होती. अण्णा सोवळ्यात होते, तसेच धावत गेले आणि आरतीचं ताट उचलून अंगणात आणलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "इथनं ओवाळा. देवी समजून घेईल, गॅस समजून घेणार नाही." त्या गल्लीत त्यांना 'ग्यास अण्णा' म्हणायचे, आणि ते कौतुकाने म्हणत नव्हते. मीही त्या हसणाऱ्यांत होते, कबूल करते.

खालच्या घरात स्वयंपाक अण्णाच करायचे. आणि काय करायचे! सार म्हणजे कोमट पिवळं पाणी, भात कधी खिमट, कधी दाताला लागणारा. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. अक्का पुढच्या व्हरांड्यात बसून भाजी निवडायच्या, चिरायच्या, कणीक मळून द्यायच्या, खोबरं खवून द्यायच्या. जाळाजवळ मात्र जायच्या नाहीत. मला वाटायचं गुडघे दुखत असतील. एकदा हातातली मेथी निवडता निवडता मी विचारलंच, "अक्का, तुम्ही का नाही करत हो? अण्णांच्या हातचं खाऊन वजन उतरलंय तुमचं."

अक्कांनी काड्या बाजूला केल्या. मग सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. "मोगरा आणि रॉकेल मला सारखंच बघ आता." त्यानंतर महिन्याभराने दूध तापत ठेवून त्या इथेच अवऱ्याच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. दूध उतू गेलं, जाळ विझला, गॅस तसाच वाहत राहिला. त्यांना काहीच कळलं नाही. अण्णा फिरून परत आले आणि वास येताच फाटकातूनच ओरडले. नंतर सगळं बरोबर केलं, शेगडीची कळ बंद, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही, अक्कांना धरून बाहेर. आणि मग पायरीवर बसले ते अर्धा तास उठलेच नाहीत.

"त्या दिवसापासनं रेग्युलेटर ह्यांच्या खिशात," अक्का म्हणाल्या. "मला रागावले नाहीत गं. रागावले असते तर बरं होतं, भांडता आलं असतं. विजेची शेगडी आणली, पण तिच्यावर भाकरी फुगत नाही की पोळीला डाग पडत नाही. दिली भाचीला. चाळीस वर्षं त्या ओट्याशी उभी राहिले. दिवाळीला साठ-साठ माणसांचं केलंय. आता माझ्याच घरात मी पाहुणी झाले."

मेथीची जुडी तिथेच टाकून मी आत गेले. मला इतका राग आला होता की पायातल्या चपलांचंही भान राहिलं नाही. अण्णा कढीशी झगडत होते.

"अण्णा, तुम्हीच म्हणता ना, नाकाचा भरवसा नको?"

"हो मा."

"फेस डोळ्यानं बघायचा?"

"डोळ्यानंच."

"मग अक्कांचं नाक गेलं तर बिघडलं काय? डोळे शाबूत आहेत की त्यांचे! तुम्ही सगळ्या गल्लीची घरं वाचवत फिरता, आणि तुमच्या घरातली बाई दोन वर्षं व्हरांड्यात सुकत चाललीय, ते दिसत नाही तुम्हाला?"

बोलून गेले आणि घाबरले. घरमालकाशी असं कोणी बोलतं? अण्णांनी गॅस बंद केला. कढी फाटली होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी फाटक उघडलं तेव्हा मी तिला हाक मारली. तिनं लगेच ओ दिली नाही. शेंगांत लक्ष होतं तिचं. तेवढा एक क्षण, मा, मी..." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वर निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच थाप पडली. रविवार नव्हता. दारात अण्णा, वाटी नाही, ब्रश नाही. "जाळ विझला की आपोआप बंद होणारी शेगडी असते म्हणतात. आपण बघू या. पण एक आहे. पाडव्यापर्यंत मी तपासणार. शेगडी माझ्या परीक्षेत पास झाली तर पाडव्याची पुरणपोळी तुझी अक्का करेल, आणि पुढं स्वयंपाकघर तिचं. नापास झाली तर परत द्यायची आणि हा विषय कुणी काढायचा नाही. तूही नाही." मी मान डोलावली. पाडव्याला तीन आठवडे होते.

दुकानात तशी सोय असलेली एकच शेगडी होती, चार बर्नरची, खाली भट्टी असलेली, जमिनीवर उभी राहणारी. अक्का तिच्याकडे बघून म्हणाल्या, "अय्यो, हे कपाट कशाला?" पण हात मात्र तिच्या कळांवरून फिरत होता. अण्णांनी सोबतची पुस्तिका दुकानात उभ्यानेच पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, पेन्सिलीने खुणा करत. दुकानदाराने दोनदा चहा मागवला, दोन्ही वेळा त्यानेच प्यायला.

आठवड्याभराने बसवायला माणूस आला तो घाईतच. नळी लावली, क्लिप आवळली, आणि गळतंय का बघायला खिशातून काडेपेटी काढली. पेटती काडी जोडाजवळ फिरवायची, ही त्यांची पद्धत! अण्णांनी त्याचा हात हवेतच धरला.

"काडी खाली!"

"सार, दहा वर्षं हेच काम करतोय. काही झालं नाही."

"ते तुझं नशीब. पद्धत नव्हे ती." अण्णांनी वाटी त्याच्या हातात दिली. "लाव फेस."

त्याने तोंड वाकडं करत लावला. आम्ही चौघं वाकून बघत होतो. आणि क्लिपच्या खालच्या अंगाला एक छोटासा बुडबुडा फुगला, मोठा झाला, फुटला. दुसरा फुगला. त्या माणसाच्या कपाळावर घाम आला. त्याने मुकाट्याने नळी काढली, नीट आत सरकवून पुन्हा आवळली, पुन्हा फेस लावला. आता एकही बुडबुडा नव्हता. जाताना तो दारात घुटमळला आणि म्हणाला, "सार, तो ब्रश कुठं मिळतो?" अण्णांनी आतून नवा आणून दिला. त्यांच्याकडे डझनभर होते. त्या क्षणी मी ज्या ज्या रविवारी त्यांना मनात शिव्या घातल्या होत्या, त्या सगळ्या परत घेतल्या.

नंतरचे अकरा दिवस अण्णांनी आम्हाला वात आणला. गवंड्याची लेव्हल-पट्टी ठेवून शेगडीचे चार पाय अर्धा अर्धा फेरा फिरवत बसले, कारण तिरकी राहिली तर तव्यावरचं तेल एका अंगाला पळतं आणि भांडं घसरतं. भट्टीच्या उघड्या दारावर कोणी भार दिला तर सबंध शेगडी पुढे कलंडते, म्हणून मागून साखळीने भिंतीला बांधली. नळी भट्टीच्या गरम पाठीमागून जात होती, ती काढून बाजूने नेली. खिडकीचा पडदा उतरवला. जमिनीलगत, गॅस साचला की शिट्टी मारणारं यंत्र लावलं. "तिचं नाक गेलं, कान आहेत," असं मला सांगताना त्यांचा आवाज जरा मऊ झाला होता.

आणि अक्कांची शिकवणी. या शेगडीची कळ पेटवल्यावर दाबून धरावी लागते. बर्नरच्या कडेला बोटाएवढी कांडी असते, ती जाळाने तापली की मगच कळ सोडायची. जाळ विझला, कांडी गार झाली की टक् आवाज होऊन गॅस आपोआप बंद. अक्का कळ धरून मोजायच्या, आणि मोजणं कन्नडमध्येच, शाळेत शिकल्या तसं. "ओंदु, एरडु, मूरु..." दहापर्यंत. रोज सकाळी फेसही त्याच लावायच्या. पहिल्या दिवशी प्रत्येक जोडाला अण्णांकडे बघत होत्या. पाचव्या दिवशी अण्णांनाच म्हणाल्या, "सरका, अंधार पाडू नका." मी जिन्यात उभी राहून हसले.

पाडव्याच्या सकाळी मी नवी साडी नेसून खाली गेले. पुरण वाटून तयार, कणीक भिजवलेली, तिच्यावर तेलाची धार. अक्कांनी डोक्यात मोगरा माळला होता. शेगडीवर दुधाचं पातेलं. नव्या शेगडीवर पहिलं दूध उतू जाऊ देणं शुभ, आणि दोन वर्षांपूर्वी ज्याने घात केला तेही उतू गेलेलं दूधच. अण्णांची परीक्षा हीच होती. "मुद्दाम उतू घालवायचं. जाळ विझू द्यायचा. बंद झाली तर पास."

अक्कांनी कळ दाबली, पेटवली, दहा मोजले, सोडली. जाळ विझला.

पुन्हा. दहा मोजले, सोडली, विझला. तिसऱ्यांदा वीस मोजले. विझला. अण्णांचा चेहरा दगड झाला होता. "काल संध्याकाळी मी पेटवली तेव्हा राहिली होती," ते म्हणाले. "आज नाही. म्हणजे भरवशाची नाही. परत द्यायची." पातेलं उचलायला अक्कांनी हात पुढे केला. एवढा आटापिटा करून शेवटी व्हरांडाच?

अक्कांचा हात पातेल्यापाशी थांबला. त्या वाकल्या, आणखी वाकल्या.

"अहो, हे चकचकीत काय लावलंय?"

"चंदेरी कागद. काल रात्री जेवणानंतर लावला. दूध सांडेल, बर्नर खराब होईल, म्हणून."

"जाळ या कागदाला लागतोय. तुमच्या त्या कांडीला लागतच नाही. बघा की डोळ्यांनी!"

अण्णा वाकले. कागदाची दुमडलेली कड त्या कांडीवर टोपीसारखी बसली होती. ज्या माणसाने सगळ्या गल्लीला शहाणपण शिकवलं, त्याने अतिकाळजीने स्वतःच शेगडी आंधळी करून ठेवली होती. आणि ते सापडलं कुणाला, तर जिला दोन वर्षं जाळाजवळ येऊ दिलं नव्हतं तिला!

"चूक माझी," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून हे दोन शब्द मी एकदाच ऐकले. "मला दिसलं नाही. तुला दिसलं."

अक्कांनी दोन बोटांनी तो कागद टराटरा काढला आणि चुरगळून अण्णांच्या हातात दिला. पुन्हा पेटवली. ओंदु, एरडु, मूरु. दहाला कळ सोडली. जाळ निळा, ठाम उभा. दूध वर आलं, काठावर फुगलं आणि भसकन उतू गेलं. चर्र झालं आणि जाळ विझला. मी हात जोडले होते की मुठी आवळल्या होत्या, आठवत नाही. आता अण्णा मोजत होते, मोठ्याने, आणि प्रत्येक आकड्याला त्यांचा आवाज बारीक होत होता. अठरा. एकोणीस. वीस.

टक्.

अण्णांनी जोडांना फेस लावला, बर्नरपाशी कान नेला, शिट्टीच्या यंत्राकडे बघितलं. मग मलाच म्हणाले, "वास येतोय का मा?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाच्या तरी नाकाला विचारलं असेल! मी म्हटलं, "करपलेल्या दुधाचा येतोय अण्णा. बाकी काही नाही." ते वळले आणि अक्कांसमोर उभे राहिले. "पास," एवढंच म्हणाले. चष्मा काढून पुसायला लागले, पण पुसत होते डोळेच.

अक्कांनी शेगडी पुसून काढली, पदर खोचला आणि तवा ठेवला. पहिली पोळी टम्म फुगली. तिच्या कडेने तूप सोडताना अक्कांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तिथे राहायला आल्यापासून बघितलं नव्हतं. मी पाट मांडायला वळले तर अण्णा अजून दारातच, लेव्हल-पट्टी हातात घेऊन.

"अहो, बाहेर बसा," अक्का म्हणाल्या. "इथं गर्दी नको."

स्वतःच्या स्वयंपाकघरातून हाकलला गेलेला इतका आनंदी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच रेग्युलेटर खिशात न घेता अण्णा थेट फाटकाशी गेले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवू लागले. शेजारची मंडळी, फुलवाली, गल्लीच्या टोकाचे ते दोघे भाऊ, जे त्यांना सर्वात जास्त हसायचे. "या, जेवायला या! आज आमच्याकडे हिनं केलंय!" घोड्यावरून आलेल्या घराण्याची आरोळी होती ती, पार आठव्या क्रॉसच्या रस्त्यापर्यंत गेली असेल.

थोड्या वेळाने खाली मान घालून आत आले. "स्वल्प जास्तच झाले. एकवीस जणं येतायत."

तासाभरात एकवीस माणसांचं जेवण? मी बाह्या सरसावत म्हटलं, "अक्का, कसं होणार हो?"

"मी आहे की," अक्का म्हणाल्या, आणि उरलेले तिन्ही बर्नर त्यांनी एकामागून एक पेटवले.